ताईंची सही

माझे साडू चाळीस वर्षं वकिली करत होते आणि त्यातली पंचवीस वर्षं चित्रपटही काढत होते. यातला धंदा कुठला आणि नाद कुठला, हे माझ्या थोरल्या मेहुणीला इतक्या वर्षांच्या संसारात ठरवता आलं नाही, तर मी कोण ठरवणार? मी गाद्या विकतो. माझ्याकडे गिऱ्हाईक येतं, गादीवर बसून दोनदा हलून बघतं, घेतं किंवा जातं. साडूंकडे माणूस आला की त्याच्या हातात आधी सतरा पानांचा करार पडायचा. तो वाचून होईपर्यंत त्याचा निम्मा उत्साह संपलेला असायचा. उरलेल्या निम्म्यात हे चित्रपट काढायचे आणि वर म्हणायचे, "एवढ्यात टिकला तोच आपल्या कामाचा."

त्यांचं ऑफिस एका लाँड्रीच्या वर होतं. जिना चढताना इस्त्रीची वाफ अंगावर यायची, त्यामुळे त्यांच्याकडे येणारा प्रत्येकजण जरा घामेजलेला आणि वरमलेला दिसायचा. आत एक लांब टेबल, पाहुण्यांच्या दोन खुर्च्या, आणि भिंतभर राखाडी खोकी. सही निळ्या शाईचीच पाहिजे, कारण काळ्या शाईत अस्सल कुठलं आणि छायाप्रत कुठली ते कळत नाही. प्रत्येक पानावर खाली छोटी सही, शेवटच्या पानावर पूर्ण सही, शेजारी साक्षीदार. हे झाल्याशिवाय ते चहासुद्धा मागवत नसत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार होती. एका गायकाचा आवाज त्याला न विचारता पंख्याच्या जाहिरातीत घातला होता. एक नट उंचावरून उड्या मारायचा, आणि त्याच्या करारात उंची किती हेच लिहिलेलं नव्हतं. दोन लेखक वीस वर्षं आठवड्याचे वार वाटून जोडीने लिहून एकमेकांचं तोंड बघेनासे झाले होते, आणि त्यांच्या मालिकांतली एक खडूस काकू कुणाच्या वाटणीला जाणार यावर त्यांचा वाद अडला होता. साडूंनी सहा बैठका घेऊन काकूची वाटणी केली. सोमवार ते बुधवार लिहिणाऱ्याला काकू तरुणपणीची मिळाली आणि दुसऱ्याला म्हातारपणीची. दोघंही खूश होऊन गेले. मला ही गोष्ट त्यांनी जेवताना सांगितली तेव्हा मी हसलो, ते हसले नाहीत. त्यांच्या मते ते त्यांचं सर्वांत चोख काम होतं.

करार करायचा म्हणजे आधी पटकथा वाचायची. वाचता वाचता त्यांना खाज सुटली. लोकांच्या चित्रपटांची बाळंतपणं करून करून आपलंही एखादं असावं असं त्यांना वाटायला लागलं. मोठ्या कंपन्यांच्या दारात ते कधी गेले नाहीत. उसना फ्लॅट, सुट्टी काढून आलेले नट, दहाबारा माणसांचं पथक, असे त्यांनी सगळे मिळून चार चित्रपट काढले. पहिला एका लिफ्टमनवर होता. त्यात शेजारच्या बाईंचं मांजर चालू शॉटमधून निघून गेलं. दिग्दर्शकाला ते आवडलं, ठेवू म्हणाला. साडू तडक तीन मजले चढून गेले आणि मांजराच्या वतीने बाईंची सही घेऊन आले. दुसऱ्या चित्रपटात माझ्या दुकानातल्या तीन गाद्या आणि माझी पाठ दिसते. पाठ चार सेकंद आहे. त्या चार सेकंदांसाठी मी चार पानांवर सह्या केल्या.

"सख्ख्या साडूवर विश्वास नाही का हो?" मी विचारलं.

"विश्वासाचा प्रश्नच नाही, साडू. उद्या आपलं भांडण झालं तर काय करायचं, ते आज भांडण नसताना ठरवायचं. एवढंच."

त्या माणसाच्या हातून अशी चूक व्हावी, याचं मला आजही नवल वाटतं.

चौथा चित्रपट मास्तरांचा होता, लिहिलेला त्यांनीच आणि दिग्दर्शनही त्यांचंच. मास्तर म्हणजे साडूंचे वसतिगृहापासूनचे मित्र, एका खोलीत चार वर्षं काढलेली. शाळेत चित्रकला शिकवायचे. उंच, किंचित वाकलेले, बोटांना कायम कुठला तरी रंग. लग्न केलं नव्हतं. घरचं माणूस म्हणजे एक थोरली बहीण, दुसऱ्या गावात औषधांचं दुकान चालवणारी. त्यांना सगळे ताईच म्हणायचे. मास्तर दर रविवारी सकाळी ताईंना फोन करायचे आणि अर्धा तास वर्गातल्या पोरांच्या नकला करून दाखवायचे.

चित्रपट या बहीण-भावाच्याच घरचा होता. त्यांच्या वडिलांना विसरण्याचा आजार झाला. ताईंनी नऊ वर्षं त्यांना एकटीने सांभाळलं, दुकान बघून. मास्तर सुट्टीत जायचे, चार दिवस वडिलांची चित्रं काढायचे आणि परत यायचे. शेवटी एका सकाळी ताईंनी वडिलांची बॅग भरली आणि त्यांना वृद्धांच्या शुश्रूषागृहात नेऊन सोडलं. पाचव्या आठवड्यात वडील गेले. त्यावरून मास्तर बहिणीला कधी एक अक्षर बोलले नाहीत. नेमकं तेच ताईंना सलत होतं. बोलला असता तर बरं झालं असतं, असं त्या म्हणत. बोलत नाही म्हणजे मनात आहे.

पुढचं मला फार उशिरा कळलं, पण सांगायचं तर इथेच सांगायला हवं. पटकथा लिहून झाल्यावर मास्तर साडूंना म्हणाले, "रविवारी ताईला वाचून दाखवतो. तिची गोष्ट आहे, तिला आधी कळली पाहिजे."

साडू म्हणाले, "अजिबात नाही. कागद तयार होईपर्यंत तू तोंडातून अवाक्षर काढायचं नाहीस. माणूस आधी प्रेमाने हो म्हणतो, मग चार जणांचं ऐकून नाही म्हणतो. आपण दोघं कागद घेऊन एकदाच जाऊ. तिथेच वाचून दाखव, तिथेच सही घेऊ."

हा सल्ला त्यांनी आयुष्यात शंभर जणांना दिला असेल. ज्याच्या खऱ्या आयुष्यावर चित्रपट काढायचा, त्याच्याशी कागदाआधी बोलायचं नाही, हा त्यांच्या धंद्यातला पहिला धडा. मास्तरांनी तो ऐकला. पण मास्तरांच्या पोटात काही राहायचं नाही. बहिणीशी बोललो तर सगळं ओकून टाकीन, अशी भीती वाटल्याने त्यांनी रविवारचे फोनच बंद केले. ताईंचा फोन आला की "कामात आहे, मागाहून करतो" म्हणायचे आणि ठेवायचे. मागाहून काही करायचे नाहीत.

आणि कागद? तो राहिला. चित्रीकरण सुरू झालं, संपलं, संकलन झालं. साडू त्या काळात एका बड्या वाहिनीच्या खटल्यात अडकले होते. मास्तर विचारायचे, कागद झाला का रे? साडू म्हणायचे, या महिन्यात करतो. खुद्द मास्तरांकडूनही कथेचे हक्क लिहून घ्यायचे राहिले होते. मास्तर एकदा स्वतः पेन काढून टेबलाशी बसले, तर साडू म्हणाले, "आपल्यात कसली घाई? तुझा आणि ताईंचा एकदमच करू." मांजराची सही घेणाऱ्या माणसाने हे म्हणावं! परक्याशी चोख आणि घरच्याशी ढिला, ही खोड आपल्यापैकी बऱ्याच जणांना असते. पण आपल्यापैकी बरेच जण गाद्या विकतात, त्यामुळे बिघडत काही नाही.

ध्वनिमिश्रण पुरं झालं त्याच्या पुढच्या मंगळवारी मास्तर शाळेत गेले. सातवीच्या वर्गाला फळ्यावर सायकल काढून दाखवत होते. मागचं चाक काढून झालं आणि ते खुर्चीत बसले ते बसलेच.

ताईंशी शेवटचं नीट बोलून तेव्हा एकोणीस महिने झाले होते.

आता चित्रपट तयार, आणि दाखवता मात्र येईना. मास्तरांनी हक्क लिहून दिलेले नाहीत, त्यांच्यामागे वारस एकट्या ताई, आणि पडद्यावरची बाईही ताईच. वितरक असो, महोत्सव असो, वाहिनी असो, पहिला प्रश्न एकच असायचा, "बहिणीचं लेखी आहे का?" हा प्रश्न विचारायची सवय या लोकांना साडूंनीच लावली होती. त्यांनीच भाषणं दिली होती, नमुने वाटले होते. एका वितरकाने तर त्यांचाच छापील नमुना त्यांच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही शिकवलंत तसंच करतोय." घरी येऊन ते मेहुणीला म्हणाले, "बरोबर होतं त्याचं." आणि जेवले नाहीत.

मास्तर गेल्यावर दोन महिन्यांनी ते ताईंकडे पहिल्यांदा गेले. गाडी मी चालवत होतो. साडू गाडी चालवायला कधी शिकलेच नाहीत. परवान्याच्या अर्जातली भाषा मोघम आहे, अशी त्यांची तक्रार होती. तीन तासांचा रस्ता. ताई दारातच उभ्या राहिल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा गळ्यात दोरीला.

"ती तुमची नटी माझ्या दुकानात आठ दिवस येत होती," त्या म्हणाल्या. "रोज खोकल्याच्या गोळ्या घ्यायची. खोकली एकदाही नाही. मी कशी उभी राहते, सुट्टे कसे मोजते, सगळं बघत होती. मला वाटलं, बिचारीला एकटं वाटत असेल. पुढे कळलं, माझा भाऊ माझ्यावर चित्रपट काढतोय. मला न सांगता."

"ताई, चित्रपट एकदा बघा तरी."

"काय बघू? मी बाबांना कसं नेऊन टाकलं ते? तोंडावर बोलला नाही, ते पडद्यावर बोललाय. मरताना त्याचा माझ्यावर राग होता, हे मला ठाऊक आहे. ते चार गावांना कळायची गरज नाही. सही मिळणार नाही."

खरं कारण साडूंच्या तोंडाशी आलं होतं की नाही, देव जाणे. ते बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर तीन तास खिडकीबाहेर बघत राहिले.

दुसऱ्या वर्षी मास्तर गेले त्याच महिन्यात पुन्हा गेलो. त्या वेळी ताईंनी आत बसवलं. तिसऱ्या वर्षी चहा दिला. पुढे ते ठरूनच गेलं. वर्षातून एकदा, रविवारी सकाळी, मी, साडू आणि तो कागद. ताई तो कागद पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायच्या, घडी घालायच्या आणि परत द्यायच्या. मग कागद बाजूला राहायचा आणि मास्तरांच्या गोष्टी निघायच्या. लहानपणी मास्तरांनी वडिलांच्या टकलावर झोपेत चष्मा रंगवला होता, ते ताईंनी सांगावं. वसतिगृहात परीक्षेच्या आदल्या दिवशी मास्तरांनी सगळ्या पोरांची चित्रं काढत बसून स्वतःचा पेपर बुडवला, ते साडूंनी सांगावं. दोघं एवढी हसायची की मला परक्यासारखं वाटायचं. मास्तरांबद्दल बोलायला ताईंना दुसरं होतं तरी कोण? आणि साडूंनाही.

माझा आवडता उद्योग म्हणजे परतताना साडूंना टोचणं. "अहो, इतका मोठा वकील! एखादी पळवाट काढा की."

"पळवाटा तीन आहेत," ते एकदा म्हणाले. "तिन्ही कोर्टातून जातात. मी मास्तरच्या बहिणीला कोर्टात उभी करू?"

चौदाव्या वर्षी, परतीच्या रस्त्यावर, त्यांनी मला ते सगळं सांगितलं. रविवारचे फोन कुणी बंद करवले ते. मी गाडी कडेला घेतली. मला संताप आला होता, आणि तो मी लपवला नाही.

"चौदा वर्षं ती बाई समजतेय की भाऊ रागावून गेला. आणि तुम्ही तिच्या घरी बसून बिस्किटं खाताय?"

"सांगितलं तर सही गेली."

"सही खड्ड्यात गेली!"

"सही गेली म्हणजे मास्तरचा चित्रपट गेला," ते म्हणाले. "त्याने आयुष्यात एकच काढला." मग थोड्या वेळाने, खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आणि तिथे जाणंही गेलं. तेही आहे."

मी गाडी सुरू केली. वास्तविक बोलायला हवं होतं. मीही त्या घरी चहा प्यायलो होतोच की.

सोळाव्या वर्षी जुने चित्रपट जतन करणाऱ्या एका संस्थेने साडूंना कळवलं की, तुमच्या चौथ्या चित्रपटाची प्रत साफ करून आम्ही दाखवू इच्छितो, नव्वद खुर्च्यांचं छोटं सभागृह आहे, पण महिनाअखेरपर्यंत कागद हवेत. साडू तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते. ऑफिस बंद झालं होतं, खोकी घरच्या माळ्यावर गेली होती. ताई चौऱ्याहत्तर. आम्ही गेलो. ताईंनी कागद वाचला, घडी घातली, आणि परत देण्याऐवजी मांडीवर ठेवला.

"आणलाय का चित्रपट?"

साडूंनी पिशवी माझ्याकडे सरकवली. लॅपटॉप मीच लावला. टीपॉयवर पुस्तकांची चळत रचून तो उंच केला, पडदे ओढले. ताईंनी चष्मा लावला आणि ताठ बसल्या. शिक्षा ऐकायला बसतात तशा.

मी तो चित्रपट आधी दोनदा पाहिला होता. पण ताईंच्या शेजारी बसून बघणं वेगळं होतं. पडद्यावरची बाई वडिलांना भरवते, त्यांची चप्पल शोधते, त्यांनी दहाव्यांदा विचारलेल्या प्रश्नाला पहिल्यांदा विचारल्यासारखं उत्तर देते. भाऊ येतो, चित्रं काढतो, जातो. भावाचं काम करणाऱ्या नटाला मास्तरांनी जवळपास बोलूच दिलेलं नाही. तो नुसता कोपऱ्यात बसून कागद भरत असतो, आणि त्याचा राग आल्याशिवाय राहत नाही. मग ती सकाळ येते. बॅग, कुलूप, टॅक्सी. बाई एकटी परत येते, कुलूप उघडते, पंखा लावते आणि जमिनीवरच आडवी होते. झोपते. मास्तरांनी कॅमेरा तिथून हलवलाच नाही. खिडकीतलं ऊन तिच्या पायांवरून भिंतीवर जातं, भिंतीवरून नाहीसं होतं. फोन वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. ती झोपलेलीच. नऊ वर्षांची झोप.

ताईंनी तोंडावर हात ठेवला.

"मी झोपले होते," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी खरंच झोपले होते. दुकानाच्या चाव्या हातात तशाच. लाज वाटते म्हणून कधी कुणाला सांगितलं नाही. त्याने फोन केले होते, मी उचलले नाहीत. त्याला कसं कळलं?"

चित्रपट संपेपर्यंत त्या रडत होत्या, पण ते रडणं मोकळं होतं. संपल्यावर त्यांनी चष्मा पुसला, साडूंकडून निळं पेन मागून घेतलं आणि शेवटचं पान उलगडलं. मग थांबल्या.

"एक सांगा, वकीलसाहेब. हे सगळं त्याला समजलं होतं. माझ्यावर राग नव्हताच, उलट स्वतःवरच होता, हे दिसतंय की. मग तो माझ्याशी बोलायचा का थांबला? एकोणीस महिने? मी फोन केला की ठेवून द्यायचा. असं का केलं त्याने?"

पेन त्यांच्या हातात होतं. "कामात बुडाला होता हो" एवढं म्हणायचा अवकाश. मी साडूंकडे पाहिलं. एवढा वेळ मनातून ज्यांना शिव्या घालत होतो, त्यांच्यासाठी त्या क्षणी मीच मनात म्हणालो, बोलून टाका खोटं, काय जातंय, बाईही सुखात आणि मास्तरही.

"मी थांबवलं," साडू म्हणाले.

"म्हणजे?"

"त्याला तुम्हाला सगळं वाचून दाखवायचं होतं. पहिल्याच रविवारी. मी म्हटलं, कागद होईपर्यंत बोलायचं नाही. आणि कागद मी केला नाही. आज करतो, उद्या करतो म्हणत राहिलो. तुमच्याशी बोलला असता तर त्याला लपवता आलं नसतं, म्हणून तो बोललाच नाही. त्याचा राग नव्हता, ताई. माझा नियम होता."

शेजारच्या घरात कुणीतरी मिक्सर लावला होता, तो बंद होईपर्यंत ताई बसून राहिल्या.

"तुम्ही सोळा वर्षं इथे येताय," शेवटी त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "या खुर्चीत बसून मला त्याच्या गोष्टी सांगितल्यात. मी हसले तुमच्याबरोबर. तुम्ही गेलात की रात्रभर मला वाटायचं, एवढा गोड माणूस, आणि माझ्यावर रागावून गेला. ते एक वाक्य तुम्हाला पहिल्या वर्षी दारातच सांगता आलं असतं."

"हो."

"मी सही करते. त्याच्यासाठी. पण मला एक अट लिहायचीय."

त्यांनी कागदाच्या तळाशी, स्वच्छ गोल अक्षरात लिहिलं, की वकील यापुढे माझ्या घरी येणार नाहीत. आणि कागद साडूंकडे सरकवला.

साडूंनी तो वाचला. मग जे केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर खरं मानलं नसतं. ते म्हणाले, "ताई, हे कच्चं आहे. नुसतं घरी म्हटलं तर मी फोन करू शकतो, पत्र पाठवू शकतो, रस्त्यात भेटू शकतो. असं लिहा." आणि त्यांनी सावकाश सांगितलं, ताईंनी लिहिलं. प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष, पत्राने, दूरध्वनीने किंवा तिसऱ्या व्यक्तीमार्फत, निरोप देऊन वा घेऊन, तसेच ताई उपस्थित असतील अशा कोणत्याही जागी, संपर्क होणार नाही. एकही भोक ठेवलं नाही. मी खाकरलो, त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांनी पाय काढून घेतला. मग दोघांनी सह्या केल्या, प्रत्येक पानावर छोटी, शेवटी पूर्ण. साक्षीदार म्हणून मी. माझी सही नेहमीसारखी आली नाही.

चित्रपट दाखवला गेला तो रविवारी दुपारी. नव्वद खुर्च्यांपैकी सत्तरेक भरल्या होत्या. मास्तरांचे जुने विद्यार्थी आले होते, आता तेच टक्कल पडलेले. निर्माता आला नव्हता, कारण ताई येणार होत्या. पडद्यावर शेवटी साडूंचं नाव आलं, तेव्हा मेहुणीने माझ्या बायकोचा हात घट्ट धरला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. ताईंभोवती माणसं जमली, कुणी त्यांच्या पाया पडत होतं, कुणी नुसतंच बघत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर सोळा वर्षांत न दिसलेलं काहीतरी होतं. हलकं.

गर्दी पांगल्यावर त्यांनी मला खूण करून बोलावलं.

"वकील कुठे बसलेत?"

"आले नाहीत, ताई. तसं लिहिलंय ना."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडे. "रागात लिहिलं हो ते. त्या दिवशी मी आणखीही काही लिहिलं असतं. त्यांना म्हणावं, येत्या रविवारी या. त्याच्याबद्दल बोलायला दुसरं आहे कोण मला?"

मी तिथून थेट साडूंकडे गेलो. ते गॅलरीत बसले होते, मांडीवर पेपर, पण घडी न मोडलेला. किती लोक होते विचारलं. आवाज नीट होता का, झोपेच्या प्रसंगाला कुणी चुळबुळ केली का, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं. माझ्या अंगात उत्साह मावत नव्हता.

"आणि ऐका, ताई मला म्हणाल्या—"

"थांबा." त्यांनी हात वर केला. "माझ्यासाठी निरोप असेल तर सांगू नका."

"अहो, पण चांगला—"

"चांगला-वाईट असं काही लिहिलेलं नाही त्यात. तिसऱ्या व्यक्तीमार्फत, निरोप देऊन वा घेऊन. तुम्ही साक्षीदार आहात, साडू. एकदा त्यांचं काही न ऐकता मी माझं चालवलं. आता त्यांनी लिहिलेलं तरी पाळू द्या."

मी चिडलो, ओरडलो, हट्टी म्हातारा म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग डोळे इतके गच्च मिटले की मला पुढे बोलवेना. चहा न घेता मी घरी आलो.

त्याला पाच महिने झाले. बायको म्हणते, सांगून टाका, कागद काय चाटायचाय? ती म्हणते ते बरोबर आहे. दर रविवारी सकाळी मी ठरवतो, आज सांगायचं, आणि त्यांच्या घरी जाऊन क्रिकेटबद्दल बोलून परत येतो. तिकडे ताईंनी पहिल्या रविवारी चहाचे दोन कप जास्त टाकले असतील. दुसऱ्या रविवारीही. आता त्यांना वाटत असेल की वकील रागावले. आणि ते रागावलेले नाहीत, हे सांगायला माझ्याशिवाय कोणी नाही.